लखनौ: सुधाच्या लग्नाच्या आठवड्यातलं हवामान

लखनौच्या स्टेशनाबाहेर आले तेव्हा हवा अशी होती, की अंगावर शाल घ्यावी की ठेवून द्यावी हेच कळेना. सांगलीत आम्ही पंखे लावून झोपायला लागलो होतो. इथे उन्हात ऊब होती आणि सावलीत अजून थंडी. माझी धाकटी बहीण सुधा घ्यायला आली होती. प्रवास कसा झाला हे विचारायच्या आधीच म्हणाली, "ताई, गुरुवारी पाऊस सांगितलाय."

गुरुवारी सुधाचं लग्न होतं. ती बँकेत नोकरीला. यजमान जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगी मुक्ता आता कॉलेजात. पन्नाशी ओलांडल्यावर ती शुक्लाजी नावाच्या, स्वतःही विधुर असलेल्या गृहस्थांशी लग्न करत होती. माहेराहून मी एकटीच आले होते. आमच्या दादाने गुडघ्याचं कारण सांगितलं, बाकीच्यांनी कामांचं. मलाही हे फारसं पटलेलं नव्हतं. बहीण म्हणून आले, इतकंच.

सकाळी सह्या आणि संध्याकाळी महानगर नावाच्या भागातल्या तिच्या घराच्या गच्चीवर जेवण, असा बेत होता. मुक्ताला मराठी सगळं कळतं, पण बोलते हिंदीत. चहा पिताना तिने फोनवरचा आठवड्याचा अंदाज वाचून दाखवला. "सोमवार-मंगलवार धूप, बुधवार को बादल. गुरुवार शाम को आँधी-पानी, ओले (गारा) भी गिर सकते हैं, मौसी. शनिवार से फिर साफ़."

"शनिवारचं ऊन घेऊन मी काय करू?" सुधा म्हणाली.

सोमवारी तिने मला चौकात मक्खन मलाई खायला नेलं. दुधाचा केशरी फेस असतो, जिभेवर ठेवला की विरतो. मी दुसरा द्रोण मागितला तेव्हा विक्रेता म्हणाला, "खा लीजिए, बहनजी. गर्मी आई कि ये गई." रस्त्याकडेच्या सावरीची झाडं लालबुंद फुलली होती. मी तिसराही द्रोण घेतला.

मंगळवारी शुक्लाजी आले. उंच, किंचित वाकलेले, हातात आंब्याच्या बौराची (मोहोराची) डहाळी. वृंदावन योजना नावाच्या वसाहतीत त्यांच्या घरासमोर झाड आहे. "ओले पड़े तो सब झड़ जाएगा, सोचा दीदी को पहले दिखा दूँ," ते म्हणाले. मी डहाळी घेतली आणि तिचा वास घेत बसले.

हॉल शोधावा असं मी सुचवलं. सुधा एकदम म्हणाली, "पहिल्या लग्नात मी दिवसभर मान खाली घालून बसले होते, ताई. ह्या वेळी मला मोकळ्यावर बसायचंय."

मग तेच तिने शुक्लाजींना हिंदीत सांगितलं. ते म्हणाले, "तो दोपहर में खा लेते हैं. शाम को आसमान जो चाहे करे." मग त्यांनी एकेका पाहुण्याला फोन लावला आणि प्रत्येकाला वेळ बदलण्याचा सगळा किस्सा हसत हसत पुन्हा सांगितला.

बुधवारी ढग आले. मी आणि मुक्ता निशातगंजला ताडपत्री घ्यायला गेलो. दुकानदाराने विचारलं, "शादी है? किसकी?"

"घरातलंच..." मी मराठीतच पुटपुटले.

"मेरी मम्मी की," मुक्ता म्हणाली. अगदी सहज.

दुकानदाराने हातातली ताडपत्री बाजूला ठेवली. "मुबारक हो, बेटा. तब तो बड़ी वाली ले जाइए."

रिक्षात मी मुक्ताचा हात धरून ठेवला. तिला वाटलं, मला थंडी वाजतेय. तिने स्वतःची ओढणी माझ्या अंगावर टाकली.

गुरुवारी सह्या झाल्या तेव्हा लख्ख ऊन होतं. गच्चीवर पुऱ्या, तहरी (मसालेभात), दहीबडे आणि मी केलेलं श्रीखंड. निम्मी पंगत जेवली असेल, तोच पश्चिमेकडचं आभाळ मातकट झालं आणि वारं सुटलं. ताडपत्री शिडासारखी फुगली. एका टोकाला मी लोंबकळले, दुसऱ्याला शुक्लाजी.

"दीदी, छोड़ दीजिए, हाथ कट जाएगा!"

"अहो, माझं राहू द्या, श्रीखंड सांभाळा!" मी मराठीत ओरडले. ते 'श्रीखंड' एवढंच समजले असावेत, कारण पातेलं पोटाशी धरून जिन्याकडे धावले. ताडपत्री शेजाऱ्यांच्या पाण्याच्या टाकीवर जाऊन बसली.

खालच्या मजल्यावरच्यांनी दारं उघडली. कुणी जिन्याच्या पायऱ्यांवर, कुणी त्यांच्या पलंगावर बसून जेवलं. तेवढ्यात ताडताड गारा सुरू झाल्या आणि सुधा नव्या साडीत पुन्हा वर पळाली. मी मागोमाग गेले. ती ओंजळ पसरून उभी होती आणि शुक्लाजी पुऱ्यांची रिकामी परात तिच्या डोक्यावर धरून उभे होते. गारा परातीवर नगाऱ्यासारख्या वाजत होत्या. त्यांचं स्वतःचं डोकं मात्र उघडंच होतं. "अंदाज़ तो सही निकला," ते मला म्हणाले, "बस ज़रा उतावला था." सुधा इतकी हसली, की ओंजळीतल्या सगळ्या गारा सांडल्या.

शनिवारी निघाले तेव्हा आभाळ धुतल्यासारखं निळं होतं. गाडी कानपूर सोडून पुढे आली आणि दादाचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर त्याने विचारलं, "कसा आहे माणूस?"

पेन्शन, घर, स्वभाव, असं क्रमाने सांगायचं मी मनाशी ठरवलं होतं. पण मी त्याला गच्चीवरच्या गारांचं आणि परातीचं सांगितलं.

मग दादा म्हणाला, "मे महिन्यात दोघांना इकडे बोलाव. मी स्टेशनवर जाईन घ्यायला."

"आणि गुडघा?" मी विचारलं.

"तोवर बरा होईल," दादा म्हणाला.