उजव्या हाताला नदी

एकतीस वर्षं शाळेत फिजिक्स शिकवलंय मी. दृष्टांत, शकुन, अंगात येणं... असलं काही कोणी सांगायला लागलं की मी सरळ उठून चहा टाकायला जाते. त्यामुळे हे मी लिहितेय याचं मलाच हसू येतंय. पण कोणाला तरी सांगायला हवं, आणि घरातले ऐकून ऐकून कंटाळलेत.

मागच्या वर्षी उत्तरायणाच्या दिवशी, म्हणजे आपल्या संक्रांतीला, बडोद्यात स्कूटरवरून रावपुऱ्यातून येत होते. हेल्मेटची काच वर केलेली – चूक माझीच – आणि कापलेल्या पतंगाचा मांजा उजव्या डोळ्यावर बसला. दोन ऑपरेशनं झाली, तरी डोळा गेला. गेला म्हणजे पूर्ण गेला, बॅटरी मारली तरी उजेड कळत नसे. वर तो ठणकायचा, सुजायचा. डॉक्टर म्हणाले, "बेन, आ आंख काढी नाखीए." ठेवला तर चांगल्या डोळ्यालाही धोका होता.

डोळा काढायचा! मी दोनदा तारीख घेतली आणि दोनदा फिरवली. दिसत नसला तरी माझाच ना तो.

आमच्या वन्सं, म्हणजे ह्यांच्या थोरल्या बहीण, पाणीगेटला राहतात. नर्मदा परिक्रमा करतात त्या, ओंकारेश्वराहून संकल्प सोडून, दर हिवाळ्यात थोडी थोडी. त्या म्हणाल्या, "शैला, जानेवारीतली तारीख पक्की कर आणि डिसेंबरात माझ्याबरोबर चल. भरूच ते गरुडेश्वर. चालून डोकं शांत होईल." मी देवासाठी नाही, डोक्यासाठी गेले.

परिक्रमेत नदी कायम उजव्या हाताला ठेवायची असते. आणि माझी उजवी बाजू म्हणजे काळोख! चार दिवस चालले आणि मला दिसलं काय, तर डावीकडची केळी, ऊस आणि गावोगावची कुत्री. नदी बघायची तर थांबून अख्खी मान फिरवायची.

"काय हो वन्सं, तुमच्या मैय्याला माझी हीच बाजू सापडली?"

"बडबड कमी कर, पुढे खड्डा आहे."

दुसरा नियम, खोटं बोलायचं नाही. वन्सं त्यात इतक्या कडक की एका गावात बिचाऱ्या चहावाल्याने फुकट चहा पाजून "केवी लागी?" म्हणून चव विचारली, तर ह्या म्हणतात, "साकर बहु छे, भाई." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पाचवा दिवस. चांदोदच्या अलीकडे, सकाळचे नऊ-साडेनऊ, स्वच्छ ऊन. उंच काठावरची अरुंद वाट. एका डोळ्याने खोलीचा अंदाज येत नाही, म्हणून मी काठीने चाचपत, नजर पायाशी ठेवून चालले होते. आणि चालता चालता सहज म्हटलं, "ती बाई बघा, हिरवी साडी वाळत घालतेय. काय सुंदर हिरवा आहे!"

वन्सं दोन पावलं पुढे होत्या. त्यांनी खाली बघितलं. "हिरवी कुठंय? एक लाल आहे, एक पांढरी."

मी तशीच चार पावलं गेले असेन. मग थांबले. मी मान फिरवलीच नव्हती.

आता फिरवली. खाली वाळूवर एक बाई होती. लाल साडी, पांढरी साडी, शेजारी बादली. ती वाकली, बादलीतून पिळा काढला, झटकला... हिरवी! पांढरीच्या पलीकडे तिने ती अंथरली. मी बघितली होती अगदी तिथेच.

डाव्या डोळ्यावर तळहात दाबून बघितलं. काळोख. पुन्हा दाबला, पुन्हा तेच. वन्संनी दंड धरला, "चक्कर येतेय का गं?" खालून त्या बाईने हात वर करून "नर्मदे हर!" म्हटलं आणि रिकामी बादली उचलून ती गेली.

दुपारी चांदोदच्या आश्रमात पुढ्यात खिचडी आली. मी विचारलं, "वन्सं, मी म्हटलं तेव्हा हिरवी साडी बादलीत होती ना? तुम्हीच म्हणालात, हिरवी कुठंय."

त्या खिचडी कालवत राहिल्या. "मी? छे गं. तिन्ही अंथरलेल्याच होत्या."

"नक्की?"

"परिक्रमेत आहे मी. खोटं बोलेन का?"

विषयच संपला. म्हणजे माझीच मान नकळत वळली असणार. बडोद्याला आल्यावर डॉक्टरांनी पुन्हा तपासलं, उजेडसुद्धा नाही. म्हणाले, डोळा गेला की मेंदू कधीकधी मनाने चित्रं काढतो. पटलं मला. खरं सांगू, थोडं वाईटही वाटलं. जानेवारीत डोळा काढला. आता काचेचा आहे, छान बसलाय.

होळीच्या आदल्या दिवशी वन्सं फतेगंजला आमच्याकडे आल्या. चप्पल काढता काढताच म्हणाल्या, "मी पुन्हा ओंकारेश्वरापासून चालणार."

"का? एवढी चालून झाली ना तुमची?"

"मोडली." आणि एकदम रडायलाच लागल्या. "बादलीतच होती गं ती साडी. मी म्हटलं होतं, हिरवी कुठंय. पण तुझं तोंड बघितलं आणि कळलं, ही आता डोळा काढू द्यायची नाही. दुसराही गेला असता म्हणजे?"

मी ओरडले त्यांच्यावर. माझा डोळा होता, मला विचारायचं होतं, काय वाट्टेल ते बोलले. त्या ऐकून घेत होत्या. सहा हिवाळ्यांचं चालणं वन्संनी खिचडी कालवता कालवता माझ्यासाठी टाकून दिलं होतं. मग मी उठले आणि चहा टाकला. गॅससमोर उभी राहून मीही रडले.

बादलीतल्या साडीवरून निघालेला प्रकाश माझ्यापर्यंत पोचूच शकत नाही. चांगल्या डोळ्यापर्यंतही नाही, मग मेलेल्याची काय कथा! योगायोग म्हणावा तर रंग तोच, जागा तीच. तपासायला डोळाही उरला नाही. हे सगळं लिहितेय ते वन्संनी वाचवलेल्या डाव्या डोळ्याने, तेव्हा रागही धड धरता येत नाही.

कार्तिकात त्या निघतील तेव्हा मीही जाणार आहे. नदी परत उजव्या हाताला, आणि तिथे आता नुसती काच. तरी एकदा, काही हिवाळ्यांनी चांदोदची ती वाट येईल तेव्हा, मान न फिरवता चालून बघणार आहे. का, ते विचारू नका. मला सांगता येणार नाही.