सुवर्णाचा चेनगार्ड

सुवर्णाचा राग कायम नाकाच्या शेंड्यावर असतो, असं ऑफिसात सगळे म्हणायचे. मला ते तेव्हाही पटत नव्हतं. जिचा राग यायलाच हवा अशी गोष्ट समोर घडली की बाकीचे चहा मागवायचे आणि ही तेवढी बोलायची. म्हणून ती रागीट ठरली.

२००४ सालची गोष्ट. नाशिकजवळच्या अंबडच्या एका शेडमध्ये आम्ही कांद्याची प्रतवारी करणारी यंत्रं बनवायचो. मी कोटेशन टाइप करायचो, शेजारच्या टेबलावर सुवर्णा डिझाइन करायची. मखमलाबादच्या फुलशेतीवाल्यांची मुलगी, मेकॅनिकलचा डिप्लोमा केलेली. तिने कॉम्प्युटरवर अख्खं यंत्र उभं केलं होतं. मोटर फिरवली की साखळी चालायची आणि साखळीने सगळे रोलर एकदम फिरायचे. रोलरांमधल्या फटीतून बारीक कांदा खाली पडणार, मोठा पुढे जाणार. फटीचा एक आकडा बदलला की रोलर, साखळी, सांगाडा, सगळं आपोआप नव्या मापाचं व्हायचं. इतकं ते एकमेकांत बांधलेलं होतं. गिऱ्हाईक आलं की आमचे मालक, म्हणजे साहेब, तिला उठवून स्वतः खुर्चीत बसायचे आणि यंत्र गरगर फिरवून दाखवायचे. ती मागे उभी राहायची.

साखळीवर तिने पत्र्याचं झाकण दिलं होतं, चेनगार्ड. साहेबांनी तो कोटेशनमध्ये ‘हवा असल्यास’ या सदरात टाकायला लावला. हवा असल्यास! ब्रेक हवा असल्यास घ्या, असं सांगून कुणी गाडी विकतं का? अर्थात कोणत्याही व्यापाऱ्याला तो हवा नव्हता, कारण साखळीजवळ व्यापारी बसत नाही.

लासलगावच्या एका व्यापाऱ्याच्या खळ्यावर गोजराबाई आमच्या यंत्रापाशी बसायच्या, कांदा निवडायला. त्यांचा पदर साखळीत ओढला गेला. तो सोडवायला त्यांनी हात घातला आणि दोन बोटं गेली.

फोन आला तेव्हा आम्ही सगळे तिथेच होतो. साहेबांनी रिसीव्हर ठेवला आणि म्हणाले, “या बायकांना पदर खोचून बसायला काय होतं?”

सुवर्णा ताडकन उठली. “आणि आपल्याला गार्ड द्यायला काय झालं होतं, साहेब?”

“गिऱ्हाइकाने मागितला नाही.”

“गिऱ्हाइकाचा हात जाणार नव्हता, म्हणून नाही मागितला.”

रविवारी आम्ही दोघं लासलगावला गेलो. गोजराबाई ओट्यावर बसल्या होत्या, हाताला हे एवढं बँडेज. “लय आरडले गं पोरी,” त्या म्हणाल्या. “पर मशीन बंद करायचं बटन पार तिकडं, शेटच्या गादीपाशी. शेट फोनवर. कोन बंद करील?” मग आमच्यासाठी चहा ठेवायला उठल्या, त्याच हाताने. परतीच्या एसटीत सुवर्णा रडली. मी समजूत काढायला गेलो तर माझ्यावरच खेकसली.

दुसऱ्या दिवसापासून तिने यंत्र मुळापासून पुन्हा बांधायला घेतलं. या वेळी सगळ्यात आधी रेखाटला तो चेनगार्ड. त्याचा पत्रा जाड केला आणि रोलरांच्या एका बाजूच्या बेअरिंगा त्या पत्र्यातच बसवल्या. साखळीला तेल घालायला वर एक भोक ठेवलं, बोट जाणार नाही एवढं. आता गार्ड हे वरून ठेवलेलं झाकण राहिलं नाही. रोलर त्याच्यावरच टेकले होते.

साहेबांना यातलं काही कळलं नाही. एक दिवस देवळ्याचा व्यापारी आला. साहेब खुर्चीत बसले, यंत्र फिरवलं.

“गार्ड काढा ना,” व्यापारी म्हणाला. “स्वस्तात पडेल.”

“त्यात काय!” म्हणत साहेबांनी गार्ड पुसला. स्क्रीनभर लाल खुणा आल्या, रोलर गायब झाले आणि मोटर तेवढी एकटीच उरली. व्यापारी खो खो हसला. साहेबांचा चेहरा पडला.

तो गेल्यावर साहेब तिच्यावर तुटून पडले. “हे मुद्दाम केलंस?”

“हो.”

“आत्ताच्या आत्ता पहिल्यासारखं कर.”

“नाही करणार. गार्डशिवाय रोलर फिरवायचे असतील तर दुसरं कुणी बघा.”

“मग चालू लाग!”

ती चालू लागली. डबा घेतला, ओढणी घेतली आणि गेली. आम्ही बाकीच्यांनी चहा मागवला. नवा मुलगा ठेवला, त्याने गार्ड सुटा करायची खटपट केली, पण प्रत्येक माप त्या पत्र्यावरून निघालेलं होतं. सगळं नव्याने बांधावं लागलं असतं आणि कांद्याचा हंगाम तोंडावर आला होता. शेवटी यंत्रं तिच्याच डिझाइनची निघाली, गार्डसकट.

पुढच्या वर्षी नाशिकला शेतीच्या अवजारांचं प्रदर्शन भरलं. तोवर मीही नोकरी बदलली होती. सुवर्णा म्हणाली, चल, बघून येऊ. आमच्या जुन्या कंपनीच्या स्टॉलवर मोठ्ठा फलक होता: ‘महिला कामगारांसाठी संपूर्ण सुरक्षित’. साहेब चेनगार्डवर थाप मारत शेतकऱ्यांना सांगत होते, “ही माझी स्वतःची कल्पना. माणसाच्या जिवापुढे आम्ही पैसा बघत नाही.”

माझं डोकं सणकलं. मी पुढे झालो, पण सुवर्णाने मला मागे ओढलं. तिने वाकून गार्डचे बोल्ट हाताने चाचपले. घट्ट होते. मग ती सरळ उभी राहिली.

साहेबांनी तिला ओळखलं, थोडे चपापले, लगेच हसले. “अरे, सुवर्णा! ये, चहा घे.”

“चहा नको,” ती म्हणाली. “गोजराबाई कशा आहेत?”

“कोण गोजराबाई?” साहेबांनी विचारलं.

ते सोंग करत नव्हते. त्यांना खरोखरच आठवत नव्हतं.