चांदणीबाईंचा तक्ता

ऑफिसात त्यांना चांदणीबाई म्हणत, अगदी तोंडावर म्हणत, आणि त्या खुशाल ओ देत. उशिरा चालणारी, उशिरा बोलणारी, ऐकू न येणारी तीन वर्षांच्या आतली मुलं सरकारी केंद्रांत येतात. कुठल्या केंद्रात किती मुलांना मदत मिळाली, याचा वर्षाचा तक्ता त्या करत आणि तो सगळ्यांसाठी छापला जाई. जिथे दहापेक्षा कमी मुलं, तिथे आकडा न छापता चांदणीची खूण (*) छापायची, हा नियम त्यांनीच भांडून आणलेला. “छोट्या वस्तीत ‘एक’ छापलं की अख्ख्या गल्लीला कळतं, कुणाचं पोर ते,” असं त्यांचं म्हणणं.

घरी सासूबाई टोमणा मारायच्या, “जगाची पोरं मोजते आणि आपल्या पोराचा डबा ओट्यावर विसरते.”

“म्हणून तर तुम्ही आहात,” हे उत्तर कायम तयार.

एका सकाळी नदीपलीकडच्या केंद्रातल्या फिजिओबाई थेट टेबलाशी येऊन ठाकल्या. काखेत मोठा रबरी चेंडू, तसाच घेऊन तरातरा निघालेल्या.

“तुमच्या चांदणीनं माझं केंद्र खाल्लं!”

“बसा तरी.”

“बसते कसली! बंद करायच्या केंद्रांच्या यादीत आमचं नाव आलंय. साहेब म्हणतात, तुमच्या ओळीत चांदण्याच आहेत, म्हणजे मुलंच नाहीत. अहो, सात आहेत! त्यातली जुळी आत्ता कुठे मान धरायला लागली. दोन बस बदलून कोण आणणार त्यांना इकडे?”

चांदणीबाईंनी छापलेला तक्ता पुढ्यात ओढला. चांदणीचा अर्थ तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत होता. तिथवर कुणाची नजर जाणार? मुलांना झाकलं ते बरोबरच, पण झाकलंय हे धड सांगायचं राहून गेलं होतं.

“मग सात छापा की,” फिजिओबाई म्हणाल्या.

“मुळीच नाही. तुमच्या जुळ्यांची ओळख गावभर पटेल. केंद्रही राहील आणि पोरंही झाकलेली राहतील. तो चेंडू ठेवा खाली, मला काम करू द्या.”

त्यांनी मागची तीन वर्षं एकत्र घेतली. एकच मूल दोनदा मोजलं जाऊ नये म्हणून नावं पडताळली. एकोणीस भरली. एकोणीस छापायला कुणाची हरकत नव्हती. मग प्रत्येक चांदणीच्या जागी ठसठशीत लिहिलं: ‘मुलं आहेत, आकडा झाकला आहे.’ आणि तक्ता घेऊन स्वतःच साहेबांच्या खोलीत शिरल्या.

“एका केंद्रासाठी एवढा खटाटोप, बाई?”

“सगळ्याच केंद्रांसाठी केलाय, साहेब.”

साहेबांनी ओळीवर बोट ठेवलं. “मग यंदाची नेमकी किती?”

“फाइल मागवून बघा, तुम्हाला हक्क आहे. छापणार मात्र नाही.”

साहेब हसले. फाइल मागवली, वाचली आणि यादीतल्या त्या नावावर काट मारली.

संध्याकाळी फिजिओबाईंचा फोन आला. मागे दोन पोरांनी एकदम भोकाड पसरलेलं.

“राहिलं हो केंद्र! आता एक काम करा. माझा चेंडू तुमच्या टेबलाखाली राहिलाय, उद्या सकाळीच पाठवा. जुळ्यांना पालथं घालायचंय त्यावर.”