अकरा महिन्यांची बाग

“हे अकरा महिन्यांत होतं का?”

नर्सरीवाल्याने हातातला पाइप खाली ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. प्रश्न तिने विचारला होता, पण बाई मस्करी करतेय की खरंच विचारतेय, हे त्याला माझ्याकडून हवं होतं. तिच्यासमोर लिंबाचं कलम होतं. मी मान हलवली नाही, तसं तिने चिकूकडे बोट दाखवून तेच विचारलं. मग डाळिंबाकडे. शेवटी तो वैतागून म्हणाला, “ताई, झाड आहे हे. रिचार्ज नाही मोबाइलचा.”

आम्ही भेंडीच्या बियांची पुडी आणि मेथीदाणे घेऊन परत आलो. रिक्षात मी तिला बोलले, की अगं, झाडाला असं विचारतात का. तर ती म्हणाली, “मग कोणाला विचारू काकू? मालकाला?”

ती बदलापूरच्या शिरगावात आमच्या इमारतीत, बरोबर माझ्या डोक्यावरच्या फ्लॅटमध्ये भाड्याने राहायची. नवरा अंबरनाथ एमआयडीसीत एका इंजिनीअरिंगच्या कारखान्यात शिफ्टला जायचा आणि ती उल्हासनगरला कॅम्प दोनमध्ये रेडिमेड कपड्यांच्या दुकानात काउंटरला उभी असायची. भाड्याचा करार अकरा महिन्यांचा असतो, हे तुम्हाला माहीतच आहे. तुमच्यापैकी कितीजणांनी तो केलाही असेल. आपण सही करतो आणि तारीख विसरून जातो. ती विसरत नसे. लग्न झाल्यापासून आधी उल्हासनगर, मग अंबरनाथला दोन जागा, मग बदलापूर पश्चिमेला आणि आता इथे, असं तिचं चाललं होतं. पहिल्यांदा तिच्या घरी गेले तेव्हा पलंगाखाली पुठ्ठ्याचे खोके घडी करून ठेवलेले दिसले. भिंतीवर एक खिळा नव्हता. घड्याळ फ्रीजवर मागे टेकवून उभं केलं होतं आणि फ्रीज चालू झाला की ते हळूहळू पुढे सरकायचं. ती ते मागे ढकलायची.

मला अशा माणसांचा त्रास होतो, हे आधीच सांगते. मी एका जागी बसणारी बाई आहे. आयुष्यभर एका कंपनीच्या एका टेबलाशी नोकरी केली, आणि निवृत्त झाल्यावर गॅलरीतल्या कुंड्यांपाशी बसले. ही चहा उभ्याने प्यायची. बस म्हटलं तर खुर्चीच्या कडेवर टेकायची आणि दोन मिनिटांत उठायची.

एकदा होळी झाल्यावर मी कुंड्यांतली माती बदलत होते. ती माझं भांडं परत द्यायला आली आणि वर्तमानपत्रावर पसरलेल्या मातीत तिने हात घातला. बराच वेळ काढला नाही. मग म्हणाली, “मला पण शिकवा ना काकू. मला काहीच येत नाही, खरंच काहीच नाही.”

मी शिकवलं. शिकवायला आहेच काय त्यात? निम्मी माती, बाकी शेणखत आणि कोकोपीट. बादलीच्या बुडाला भोकं पाडायची, नाहीतर मुळं कुजतात. भेंडीचं बी रात्रभर भिजवायचं आणि बोटाच्या पेराएवढं खोल खोचायचं. पाणी सकाळी, उन्हं चढायच्या आत, कारण बदलापूरचा उन्हाळा फाल्गुनातच डोळे दाखवायला लागतो. वरून वाळका पाला पसरायचा, म्हणजे ओल टिकते. आणि एवढं झालं की वाट बघायची.

शेवटचं सोडून तिला सगळं जमलं. तिसऱ्या दिवशी वर जाऊन बघते तर ही गॅलरीत उकिडवी बसून केसांच्या पिनेने माती उकरतेय. एकेक बी बाहेर काढून, तळहातावर ठेवून बघायची आणि परत पुरायची. मी ओरडले, तर म्हणाली की जिवंत आहे की गेलं ते बघत होते. अर्थातच त्यातलं एकही उगवलं नाही. मेथीही तशीच गेली. दुसऱ्या खेपेला मी तिच्या पिना काढून घेतल्या नाहीत एवढंच.

दुसऱ्या खेपेला भेंडी आली. पण तीही तिने वाढू दिली नाही. करंगळीच्या पेराएवढी झाली की तोडायची. म्हणे, उद्याचं कोणी बघितलंय. तिच्या त्या पहिल्या पिकाच्या चार भेंड्या तिने आमटीत घातल्या आणि वाटीभर आमटी मला आणून दिली. वाटीत अर्धी भेंडी होती. मी ती शेवटी खाल्ली, आणि चांगली लागली असं सांगितलं. खरंच चांगली होती.

कुंड्या हलवण्याचा मात्र तिने छळ मांडला. ऊन जिथे, तिथे कुंडी. कामावर जायच्या आधी सगळ्या कुंड्या गॅलरीच्या एका टोकाला, आल्यावर दुसऱ्या टोकाला आणि रविवारी दिवसभर इकडून तिकडे. माझ्या डोक्यावर सतत घर्र-घर्र चालू. दुकानात गिऱ्हाईक टी-शर्ट बघायला आलं तरी ही त्याला भेंडीला कीड लागली तर काय फवारायचं ते सांगायची. तिचा सिंधी शेठ कपाळाला हात लावून म्हणायचा, “अरे बेटा, कपड़ा बेचो, कपड़ा.” हे तीच मला हसत सांगायची.

गॅलरीतून पाणी गळतं अशी तक्रार झाली आणि सोसायटीच्या सेक्रेटरींनी तिच्या कुंड्या खाली मागच्या भिंतीशी ठेवायला लावल्या. वर एक अट घातली. कुंड्या ठेवा, पण भाडेकरूंनी जमिनीत काही लावायचं नाही. उद्या तुम्ही जाल आणि झाड आमच्या गळ्यात. सेक्रेटरी तसे वाईट नव्हते, पण नियम म्हटला की त्यांना वेगळाच हुरूप यायचा. मी भांडायला निघाले होते. तिनेच हात धरला. “बरोबर आहे त्यांचं,” म्हणाली. तिच्या त्या ‘बरोबर आहे’चा मला सेक्रेटरींपेक्षा जास्त राग आला.

माझ्याकडे एका जुन्या ड्रममध्ये कढीपत्ता आहे. त्याची फळं खाली पडून ड्रममध्येच रोपं येतात. त्यातलं एक बोटभर रोप मी तिच्यासमोर धरलं. तिने तिचा ठरलेला प्रश्न विचारला. मी खोटं बोलले नाही. हाताशी पाला यायला दोन-तीन वर्षं तरी जातील, म्हटलं. तिने रोप कठड्यावर ठेवलं आणि वर निघून गेली. संध्याकाळी परत आली, ते उचललं आणि रंगाच्या रिकाम्या बादलीत लावलं.

तेही ती हलवायला लागली. पानं पिवळी पडून गळली. तेव्हा मात्र मी चिडून सांगितलं, की बाई, याला तरी एका जागी बसू दे. तिला ते लागलं असावं. भिंतीच्या कोपऱ्यात, जिथे टाकीचं जास्तीचं पाणी ठिबकतं, तिथे तिने बादली ठेवली आणि पुन्हा हात लावला नाही. रोज कामावरून आली की त्याच्यापुढे उभी राहायची, आणि राहवणार नाही म्हणून दोन्ही हात पाठीमागे एकमेकांत धरून ठेवायची. स्वयंपाकघराच्या खिडकीतून मला ते रोज दिसायचं. शाळेत उशिरा आलेल्या पोरीसारखी दिसायची ती तेव्हा.

करार दोनदा वाढला. गवार आली, मिरच्या आल्या, एका वर्षी एकुलता एक दुधी आला आणि त्याचे इतके फोटो काढले गेले की तो लाजला असेल. कढीपत्ता आधी गुडघ्याला लागला, मग कमरेला. एका दुपारी डोक्यावर ठोकल्याचा आवाज आला. मी वर गेले. घड्याळ भिंतीवर लागलं होतं. ती स्टुलावर उभी होती, हातात हातोडी. मला फार बरं वाटलं होतं, एवढं मात्र आठवतं.

त्यानंतरच्याच होळीला मालकाचा फोन आला. त्याला फ्लॅट विकायचा होता आणि गिऱ्हाईक तयार होतं.

ती खाली आली ती दारातच उभी राहिली. महिनाभरात जायचंय, अंबरनाथला जागा बघितलीय, असं एका दमात सांगून झालं. मी म्हटलं, बस तरी. बसली नाही. म्हणाली, “कढीपत्ता नेणार मी, काकू. टेम्पोत मांडीवर घेऊन बसेन. आत्तापर्यंत जिथून निघाले तिथून नुसतं सामानच घेऊन निघाले. या वेळी झाड घेऊन जाणार.”

त्या दिवसांत आम्हा दोघींनाही काही सुचत नव्हतं. ती खोके भरायची, काहीतरी लागलं म्हणून उपसायची आणि पुन्हा भरायची. मला वर चाललेली तिची पावलं ऐकू यायची आणि मी उगीचच डबे पुसत बसायचे. एकदा ती येऊन विचारून गेली, की टेम्पोत वारा फार लागतो, तर झाडाला ओली साडी गुंडाळली तर चालेल का. चालेल म्हटलं. तासाने पुन्हा आली, सुती साडी की सिंथेटिक?

पाडव्यानंतरच्या रविवारी टेम्पो आला. ऊन रणरणत होतं. सामान चढलं, कुंड्या चढल्या. सगळ्यात शेवटी ती ओली साडी घेऊन भिंतीच्या कोपऱ्यात गेली आणि बादलीच्या कडीला हात घातला.

बादली हलली नाही.

नवऱ्याने दोन्ही हातांनी ओढून बघितलं. टेम्पोवाला आला, त्याने बादली गदागदा हलवली. मी कशीबशी खाली वाकून बघितलं. बुडाच्या भोकांतून मुळं बाहेर पडून जमिनीत गेली होती. त्यातलं एक माझ्या बोटाएवढं जाड होतं. दोन वर्षं जागेवर राहिलं, वरून पाणी ठिबकत राहिलं. ते दुसरं काय करणार होतं? एका जागी बसू दे म्हणणारी मीच, आणि माझ्याही हे ध्यानात आलं नव्हतं.

“काट डालो भाभी, टाइम हो रहा है,” टेम्पोवाला म्हणाला.

तिने माझ्याकडे बघितलं. “कापलं तर जगेल?”

मला हो म्हणायचं होतं. तिच्या हातातल्या त्या साडीतून पाणी गळत होतं. पण मी म्हटलं, की एवढ्या उन्हात, मुख्य मूळ तोडून, नाही जगणार बहुतेक.

ती टेम्पोकडे गेली आणि नवऱ्याच्या हत्यारांच्या पेटीतून आरीचं पातं घेऊन आली. मला वाटलं, मूळ कापणार. मी तोंड फिरवलं. कर्र-कर्र आवाज यायला लागला आणि बघते तर ती बादली कापत होती. काठापासून खाली, आधी एका बाजूने, मग दुसऱ्या. प्लास्टिक जाड होतं. नवऱ्याने मदतीला हात पुढे केला तर तिने दिला नाही. दोन फाका सोलून बाजूला केल्या, बुडाचे तुकडे करून मुळांच्या मधून अलगद ओढून काढले. झाड उभंच होतं, बादलीच्या आकाराच्या मातीवर. मग ती हातांनी आजूबाजूची माती ओढून त्याच्याभोवती रचायला लागली.

तेवढ्यात सेक्रेटरी खाली आले. त्यांनी झाड बघितलं, जमीन बघितली. ती उठली, मातीचे हात त्याच ओल्या साडीला पुसले आणि म्हणाली, “साहेब, मी नाही लावलं. ते आपणहून गेलं.”

सेक्रेटरींनी घसा खाकरला.

ती टेम्पोत पुढे बसली. मांडीवर पर्स घेतली. मला वाकून नमस्कार केला होता, पण मागे वळून बघितलं नाही. मी घरात आले आणि रडले. भाडेकरू येतात नि जातात, त्यात रडायचं काय, असं मीच आजवर लोकांना सांगत आले होते.

आठ-दहा दिवसांनी तिचा फोन आला. नवीन जागेबद्दल बरंच बोलली. पाणी कधी येतं, मालकीण कशी आहे, गॅलरी नाही पण खिडकीला ग्रिल आहे, त्यात मिरचीच्या कुंड्या बसल्या. मागून भांड्यांचे आवाज येत होते, म्हणजे बोलता-बोलता काहीतरी उचलत-ठेवत होती. झाडाचं नाव मात्र तिने काढलं नाही. शेवटी मीच सुरुवात केली, की अगं, तुझा कढीपत्ता...

“सांगू नका,” ती म्हणाली. मागचे आवाज थांबले. “मेला असला तरी सांगू नका, काकू, आणि जगला असला तरी नको. मग मला इथे करमणार नाही.”

मी खिडकीशीच उभी होते. झाडाने चार दिवस मान टाकली होती आणि आता शेंड्याला पोपटी फूट आली होती. सेक्रेटरी लुंगी वर खोचून त्याच्याशी उकिडवे बसले होते आणि खुरप्याने आळं करत होते. जमत नव्हतं त्यांना, एका बाजूने सारखं ढासळत होतं.

“बरं,” मी म्हटलं, “नाही सांगत.”