जावेच्या रानातले ओक

समजा, तुमच्या हातात नळीची मशाल आहे. तिच्या तोंडातून पेटतं तेल थेंबथेंब गळतंय. आग वाऱ्याविरुद्ध, पाचोळा खात सावकाश सरकते. मेपलची रोपं जळतात, ओकची मुळं मातीखाली तग धरतात, जमिनीवर ऊन पोचतं. आता समजा, हे सगळं तुमच्या नाही, जावेच्या रानात चाललंय.

मिसूरीच्या डोंगरात व्हर्ला काकूंवर मार्चमध्ये हीच वेळ आली. एकाच उताराचे दोन भाऊ वाटेकरी. आता दोघांच्या विधवा, मध्ये तारेचं कुंपण. ओक वाढावेत म्हणून आम्ही शेजारी मिळून पाळीपाळीनं रानं जाळतो; ज्याचं रान, त्याच्याकडे सगळ्यांचं जेवण. धाकट्या-थोरल्या या जावांपैकी आयना काकूंचं जाळून झालं आणि वारा फिरला. व्हर्ला काकूंचं राहिलं.

"तिच्या राजम्यात डुकराचं मांस जास्त, म्हणून पहिला मान तिला!" त्या म्हणाल्या.

पानगळीत ओकच्या बिया भरभरून पडल्या. आयना काकूंकडे मोकळ्या मातीवर, इकडे पाचोळ्यावर. नोव्हेंबरात व्हर्ला काकूंनी रान जाळायला सगळ्यांना बोलावलं.

आमचा म्होरक्या ऑर्व्हल म्हणाला, "वहिनी, बी वरच पडलंय. भाजून निघेल. पुढल्या वर्षी बघू."

"आयनाला थांबवलंत?"

"तेव्हा खाली बी कुठं होतं?"

"तिच्याकडे ओक उगवणार आणि मी मेपल बघत बसू? पेटवा, भाऊजी."

आयना काकू पाठीवर पाण्याचा पंप घेऊन कुंपणाशी उभ्या होत्या. "व्हर्ला, अजून विचार कर गं."

तेवढं पुरलं. व्हर्ला काकूंनी ऑर्व्हलच्या हातातली मशाल घेतली आणि स्वतःच पेटवलं.

पुढल्या मे महिन्यात पलीकडे वीतभर ओक दाटीनं उभे होते. इकडे जळक्या बुंध्यांतून मेपलच फुटत होता. फक्त कुंपणालगत ओकची थोडी रोपं होती. व्हर्ला काकूंनी मुद्दाम जावेला हाक मारली. "बघ, माझेही आलेत!"

आयना काकू हसल्या. "अगं, ते निळे पक्षी आठवतात ना? तुझं रान जळल्यावर माझ्याकडचं बी चोचीतून नेऊन तुझ्या मोकळ्या मातीत हिवाळ्यासाठी पुरत होते."

व्हर्ला काकू त्या दिवशी जेवल्या नाहीत. रोपं उपटायला गेल्या, पण रिकाम्या हातानं परतल्या. मी वनशास्त्र शिकलेली, म्हणून मला बोलावणं आलं.

एका रोपाशी उकिडव्या बसून त्यांनी विचारलं, "खरं सांग पोरी, नुसत्या पानावरून रोपाची आई कुठलं झाड ते कळतं का? एखादं तरी माझं असेल ना गं?"