हिगाशी-कसाईचा जागल्या

नोकरीतली बरीच प्रकरणं आता एकमेकांत मिसळून गेली आहेत; ही घटना मात्र आजही लख्ख आठवते. गंमत अशी, की ती घडली तेव्हा मी निवृत्त होतो, आणि घटनास्थळ माझ्या हद्दीत तर सोडाच, देशातही नव्हतं.

आर्थिक गुन्हे शाखेतून निवृत्त झाल्यावर मी टोकियोला, हिगाशी-कसाईत मुलीकडे राहायला गेलो होतो. जावई सॉफ्टवेअरमध्ये. माणूस निर्व्यसनी, फक्त एका शेअरच्या नादी लागलेला. समुद्राच्या लाटांपासून वीज करू म्हणणाऱ्या आपल्याकडच्याच एका कंपनीचा तो चिल्लर भावाचा शेअर. तिथल्या मराठी मंडळींचा गुंतवणुकीचा एक ऑनलाइन गट होता. त्यावर जावई त्या कंपनीची अशी वकिली करत, की आमच्या सरकारी वकिलांनी त्याच्या निम्मी जरी केली असती तर माझे निम्मे आरोपी सुटले नसते. उत्तरं लिहिण्याच्या भरात ऑफिसला जाताना त्यांचं उतरायचं स्टेशन मागे पडायचं.

या गटावर ‘जागल्या’ नावानं कोणीतरी त्यांना रोज सोलून काढत होतं. कारखाना कुठे आहे? संचालक सारखे का बदलतात? एका संध्याकाळी जावई माझ्यासमोर येऊन बसले.

"बाबा, तुम्ही एवढे फ्रॉड पकडलेत. हा जागल्या कोण ते शोधून द्या. माझी क्रेडिबिलिटी चाललीय. सोमवारी मी अजून शेअर घेतोय, मग बघतो एकेकाला."

"पैसे कुठून आणणार?"

"हिच्या क्लासचे ठेवलेत ना बाजूला. बॅच काय, पुढच्या वर्षीही असते."

मुलगी पुण्यातली चांगली नोकरी सोडून त्यांच्याबरोबर जपानला आली होती. जपानी भाषा आली की तिला इथे काम मिळणार होतं, आणि फी भरायची मुदत त्याच सोमवारी संपत होती. ती आत भांडी लावत होती. भांड्यांचा आवाज थांबला. मला राग आला, पण जावयावर आवाज चढवायची आपल्यात पद्धत नाही. मी मुकाट्यानं तक्रार नोंदवून घेतली.

पहिले संशयित चौथ्या मजल्यावरचे, मुंबईहून बदलीवर आलेले एक बँकवाले. चहाच्या निमित्तानं त्यांच्याकडे गेलो. चौकशीचा माझा नियम साधा आहे: प्रश्न विचारायचा आणि गप्प बसायचं. समोरच्याला शांतता सहन होत नाही. गृहस्थांनी चहा संपायच्या आत कबुली दिली, पण भलतीच.

"काका, आमच्या हिला बोलू नका हं. मीपण तोच शेअर घेतलाय. तुमच्या जावयांच्या पोस्ट वाचूनच! आता जागल्यानं काही लिहिलं की दर पाच मिनिटांनी भाव बघतो."

संशयित फिर्यादीपेक्षाही दुःखी निघाला. मी बिस्किटं खाऊन परत आलो.

धागा मिळाला तो कचऱ्यात. तिकडे कचऱ्याची शिस्त आमच्या ट्रेनिंग स्कूलपेक्षा कडक. प्लास्टिकच्या बाटलीचं झाकण आणि लेबल काढून, बाटली धुऊन टाकायची. नाहीतर गाडीवाले पिशवीवर चिठ्ठी डकवून ती तिथेच ठेवून जातात. जावई बाटल्या झाकणासकट टाकत. शुक्रवारी फेरफटका मारून येताना मुलगी दिसली. चिठ्ठी लावलेली पिशवी जॅकेटखाली धरून वर आणत होती.

"बाबा, त्याला सांगू नका. आधीच वैतागलाय," ती म्हणाली.

संध्याकाळी जागल्यानं गटावर लिहिलं, "ज्यांना बाटलीचं झाकण वेगळं काढायला जमत नाही, ते ताळेबंदातलं खरं-खोटं काय वेगळं काढणार?"

जावई खुर्चीतून उठलेच. "बाबा, हा आपल्याच बिल्डिंगमधला आहे! ह्याला माझ्या बाटल्या माहितीयत!"

मी मान डोलावली. पण पिशवी परत आल्याचं माझ्याखेरीज एकाच माणसाला ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी जावई बाजारात गेल्यावर मी स्वयंपाकघरात गेलो. मुलगी बाटल्यांची झाकणं काढत होती. "जागल्याला ओळखतेस का गं?" मी विचारलं. अशा वेळी निर्दोष माणूस चिडतो आणि दुसरा विचारतो, "का?"

"का हो, बाबा?" मुलगी म्हणाली.

मी गप्प बसलो.

"हेच प्रश्न मी त्याला महिनाभर घरात विचारले," ती शेवटी म्हणाली. "म्हणतो, तुला मार्केटमधलं कळत नाही. तेच प्रश्न तिकडे खोट्या नावानं विचारले तर ‘आदरणीय महोदय’ म्हणून पानभर उत्तर देतो. मग मी काय करू?" तिचे डोळे भरून आले. "मीही इंजिनिअर आहे ना, बाबा?"

कबुली कोणापुढे आणि कधी द्यायची ते तिच्यावर सोपवून मी बाहेर आलो.

रविवारी दुपारी आम्ही तिघं जेवत होतो. मुलीनं डावा हात टेबलाखाली नेला, आणि जावयांचा फोन वाजला.

"आला बघा!" जावई म्हणाले. "विचारतोय, ‘ही कंपनी आज नेमकं विकते काय?’ थांबा, ह्याला आता सविस्तरच लिहितो." घास ताटात ठेवून त्यांनी ‘आदरणीय महोदय’ टाइप करायला घेतलं.

"लिहू नकोस," मुलगी म्हणाली. तिनं आपला फोन ताटाशेजारी ठेवला. "तोंडानं सांग."

जावयांनी तिच्या फोनकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"बाबा, तुम्हाला माहीत होतं?"

"तपास कालच पूर्ण झाला," मी म्हणालो. "आधी तिला उत्तर द्या."

जावयांनी लाटांपासून सुरुवात केली, यंत्रांपर्यंत आले, आणि थांबले. आमटी गार झाली. "अजून तसं काही विकत नाहीत," ते हळूच म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "फी ऑनलाइन भरता येते का?"

सोमवारी फी भरली गेली. त्यांच्याकडच्या शेअरचं पुढे काय झालं ते मी विचारलं नाही. सासऱ्यानं सगळंच विचारू नये.

साऱ्या नोकरीत मी नाव लपवणारी माणसं धुंडाळली. ती सगळी खोटं खपवण्यासाठी नाव लपवत. खरं बोललेलं ऐकून घेतलं जावं म्हणून नाव लपवणारं माणूस मला एकदाच सापडलं, आणि ती माझ्या पोटची पोर होती.