कॉम्प्युटरवरचा भंडारा
आमचे मामा, म्हणजे माझे सासरे धोंडीराम, धारूरच्या डोंगरात मेंढरं राखतात. मेंढरू आजारी पडलं की बिरोबाचा भंडारा, म्हणजे हळद, उधळायची. तरी उठलं नाही तर काठी घालायची, एवढंच त्यांना ठाऊक. घरच्या कॉम्प्युटरवर एकदा ‘फॅन एरर’ आली, तर त्यांनी डब्यावर मूठभर भंडारा उधळला. मग एरर रोजच यायला लागली आणि मामांची मूठही रोजच. शेवटी “तूच बिघडिवलंस बे!” म्हणत त्यांनी काठीनं माझ्या नवऱ्याचं, लखनचं डोकं फोडलं. माझ्या डोक्यात तिडीक गेली. कुऱ्हाड घेऊन मी तो डबाच फोडला. आतला पंखा हळदीनं गच्च भरलेला! भुईवर पिवळा ढीग पडला.  मग लखनच्या जखमेत भरायला मामांनी त्यातलीच मूठ उचलली.